गोड खावंसं वाटलं त्या क्षणी तुम्ही काय केलंत? साखर कमी करण्याचे अनुभव

साखर कमी करायला हवी हे आता कुणी कुणाला सांगायला नको. अडतं ते दुपारी चारला. नाहीतर रात्री, जेवणं झाली, ओटा आवरला, घर शांत झालं की. त्या वेळी तुम्ही नेमकं काय केलंत ते इथे लिहा. काय सोडलं आणि किती वजन उतरलं हे मागाहून आलं तरी चालेल. जमलेलं लिहा, फसलेलंही लिहा. मला स्वतःला फसलेल्यातूनच जास्त कळलं आहे.

माझ्यापासून सुरुवात करते. दीड वर्षापूर्वी नेहमीच्या तपासणीत एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेच्या सरासरीचा असतो, त्यामुळे 'काल जरा जास्त झालं असेल' म्हणायची सोय नव्हती. आणि मी तर 'गोड फारसं खात नाही' असं छातीठोकपणे सांगत आले होते. मग एक दिवस चहा करता करता मोजलं. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे. सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तरी बत्तीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस आहे की वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर अधिक चांगलं. ५ टक्के म्हणजे साधारण सहा चमचे. माझे आठ नुसत्या चहात जात होते, आणि माझा चमचा कधीच सपाट नसे. डब्यातून तो शीग लावूनच वर यायचा.

दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी केला. एका चमच्यावर आल्यावर गाडी अडली, महिनाभर तिथेच राहिले. पूर्ण बंद व्हायला पाच महिने लागले. पण चारच्या चहाबरोबरची बिस्किटं काही सुटेनात. आठवडाभर वहीत वेळा लिहून ठेवल्या तेव्हा दिसलं की मी साडेअकराला जेवते आणि चारपर्यंत पोटात काहीच नसतं. ती साधी भूक होती. आता साडेतीनला मूठभर बदाम-शेंगदाणे खाते, आणि चारला बिस्किटांची आठवण झाली तरी ती नुसती आठवण असते.

आता तुम्ही लिहा.

* * *

मी नर्स आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी. पहाटे तीन ते साडेतीन ही माझी वेळ. वॉर्ड शांत असतो, सगळ्यांची औषधं देऊन झालेली असतात आणि पाय आपोआप खालच्या मजल्यावरच्या यंत्राकडे वळतात. नाणं टाकायचं, चॉकलेट पडल्याचा आवाज यायचा आणि जिना चढून वर येईपर्यंत ते संपलेलं असायचं. दोन वर्षं मी याला माझी कमजोरी समजत होते. पण सुट्टीच्या आठवड्यात ही तलफ यायचीच नाही! झोप अपुरी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन कमी होतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. स्वतःला कधी लावून पाहिलं नव्हतं.

म्हणून मी खाण्याच्या आधी झोपेला हात घातला. खोलीला जाड पडदे लावले, पाळीनंतरचे सहा तास फोन बंद. पहाटे अडीचला, म्हणजे तलफेच्या आधीच, उकडलेलं अंडं आणि काकडी खाते. नाण्यांचं पाकीट घरी ठेवते. महिन्यातून एखाद-दोनदा अजूनही चॉकलेट होतं, बहुतेक लागोपाठच्या चौथ्या रात्री.

* * *

माझं फसलेलं लिहितो. साखर बंद केली आणि त्या जागी मध आणला, सकाळी मोठा पेलाभर संत्र्याचा रस सुरू केला. नैसर्गिक आहे, चालतं, अशी समजूत. तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, होती तिथेच. आहारतज्ज्ञ बाईंनी टेबलावर चार संत्री ठेवली आणि विचारलं, एका बैठकीत ही सोलून खाल का? नाही म्हणालो. रस मात्र दोन मिनिटांत पीत होतो, चोथा बाजूला टाकून. आता एक संत्रं, सोलून, फोडी सुट्या करून खातो. ते खायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पोटाला पत्ता लागतो.

साखरेऐवजी घालायच्या गोडव्याच्या गोळ्यांबद्दलही सांगतो. त्यांनी साखर गेली, पण गोडाची ओढ जशीच्या तशी राहिली. वजन आटोक्यात ठेवायला या गोळ्यांवर अवलंबून राहू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटलं आहे. मात्र ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती शिफारस लागू नाही.

* * *

वरचं वाचून मला हे लिहायलाच हवं असं वाटलं. मला टाइप १ मधुमेह आहे, एकोणीस वर्षं इन्सुलिन घेतो. मागच्या वर्षी घरातल्या सगळ्यांनी मिळून साखर बंद करायचं ठरवलं. बायकोने डबा रिकामा करून धुऊन पालथा घातला. बिस्किटं, जॅम, सगळं गेलं. मीही उत्साहात होतो. जेवणातलं गोड गेलं, पण इन्सुलिनचा डोस तोच राहिला. डॉक्टरांना विचारायचं सुचलं नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी फिरून आलो आणि बूट सोडता येईनात. बुटाची नाडी बोटात धरता येत नव्हती. शर्ट मानेपासून ओला. मीटरवर ५४. सत्तरच्या खाली आलं की लगेच साखर घ्यायची असते, आणि घरात साखरच नव्हती. मुलगी शेजारी पळाली, वाटीत साखर घेऊन आली. बायकोने पेल्यात चार चमचे घालून ढवळली. तिचा हात इतका थरथरत होता की चमचा पेल्यावर वाजत राहिला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पंधरा मिनिटांनी ७९.

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेत असाल तर आधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्या, मग खाण्यात बदल करा. साखर उतरली तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. अशा वेळी चॉकलेट उपयोगाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते. बिनसाखरेचं शीतपेय तर काहीच कामाचं नाही. माझ्या खिशात आता ग्लुकोजच्या गोळ्या असतात. त्या माझं औषध आहेत, आणि 'साखर बंद'च्या यादीत त्या येत नाहीत, हे मुलांना समजावून सांगितलं आहे.

* * *

मी एक्केचाळीस दिवस साखरेचा कण खाल्ला नव्हता. कॅलेंडरवर रोज फुली मारायचे. बेचाळिसाव्या दिवशी सहकाऱ्याच्या निरोप समारंभात केकचा तुकडा खाल्ला. एकच. पण फुल्यांची ओळ तुटली, आता काय राहिलं, असं मनाने घेतलं. रात्री अकराला फ्रीजच्या उजेडात उभी राहून उरलेला अर्धा केक हाताने खाल्ला. चव लागत नव्हती. पोट दुखेपर्यंत खात होते. मग लपवलेलं खोकं, दुसऱ्या दिवशी उपास, संध्याकाळी पुन्हा तेच. हे चार महिने चाललं. शेवटी समुपदेशकाकडे गेले. कुणाला असं होत असेल तर साखर पूर्ण तोडण्याच्या फंदात पडू नका, आधी मदत घ्या.

आता माझं गोड आठवड्यातून तीनदा, जेवणानंतर लगेच, ताटलीत वाढून, बसून. उभ्याने काही खायचं नाही. तलफ आली तर तिच्याशी भांडत नाही. घड्याळ बघते आणि ती अंगात कुठे जाणवते आहे ते पाहत बसते. माझी घशात आणि जबड्यात असते. चढते, तशीच थांबते, मग उतरते. पहिल्यांदा मोजलं तेव्हा अठरा मिनिटं लागली होती. हल्ली दहाच्या आत. फुल्या मारणं बंद केलं आहे.

* * *

माझा मुलगा चार वर्षांचा. घरात गोड नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एकदा फळांच्या स्वादाच्या दह्याची डबी हातात घेऊन मागचं बारीक छापलेलं वाचलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, जे सर्वांत जास्त ते आधी. त्यात तिसऱ्या क्रमांकावर साखर, पाचव्यावर ग्लुकोज सिरप, सातव्यावर फळरसाचा अर्क. तीन नावांनी आल्यामुळे कुणाचाच नंबर पहिला नव्हता, बेरीज केली असती तर आला असता. डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, माल्टोज असं 'ओज'ने संपणारं काही दिसलं की थांबून वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, डबीवरच्या साखरेच्या रकान्यात बसत नाही, पण रक्तात झपाट्याने साखर वाढवतं. केचपमध्ये मोठ्या चमच्याला चार ग्रॅम साखर निघाली.

आता साधं दही आणि त्यात कुस्करलेलं पिकलं केळं. पहिले सहा दिवस त्याने वाटी ढकलून दिली. सातव्या दिवशी केळं त्यालाच कुस्करायला दिलं, तेव्हा खाल्लं. आणखी एक गोष्ट आम्ही थांबवली: 'भाजी संपव, मग चॉकलेट देतो.' या एका वाक्याने भाजी शिक्षा ठरत होती आणि चॉकलेट बक्षीस.

* * *

थोडक्यात दातांचं. मी कामाच्या जागी दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळायचो, दिवसाला सात-आठ. एकूण साखर फार नव्हती, पण दोन वर्षांत तीन दाढा किडल्या. साखर खाल्ली की तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते निवळायला लाळेला अर्धा-पाऊण तास लागतो. मी तो वेळ कधी मिळूच देत नव्हतो. खायचंच असेल तर जेवणाबरोबर एकदा खा, दिवसभर तोंडात घोळवू नका.

* * *

मी एकोणसत्तर वर्षांची आहे. हे गेले त्यानंतर मला रात्री नऊला गोड लागायला लागलं. आधी कधी सवय नव्हती. नऊला आम्ही दोघं बातम्या बघायचो. आता त्या वेळी डबा उघडून बसायची, आणि लक्षात येईपर्यंत अर्धा रिकामा. सून कधी काही बोलली नाही. एक दिवस तिने डब्यात खजूर भरून ठेवले, तर मी तेही तितकेच खाल्ले. मग मीच विचार केला, मला नऊला हवं आहे ते काय? आता नऊला धाकट्या बहिणीला फोन करते. तीही एकटीच असते. दोघी बातम्या लावतो आणि फोनवर बोलत बोलत बघतो. ती गावाला गेली की त्या चार दिवसांत माझा डबा पुन्हा उघडतो, हे खरं आहे.

* * *

माझा आज चौथा दिवस. परवापासून कपाळ ठणकतंय, कशात लक्ष लागत नाही, मुलांवर ओरडलो. साखर सोडली की असं होतं का? किती दिवस चालेल?

* * *

साखरेबरोबर चहा-कॉफीही सोडलीत का?

* * *

हो. बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना म्हणून चहाच बंद केला. आधी पाच कप व्हायचे.

* * *

मग डोकं कॅफिन तुटल्यामुळे दुखत असण्याची शक्यता जास्त आहे. ते शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतं, एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात जातं. दोन्ही एकदम तोडू नका. दोन कप चालू ठेवा, त्यात तुमच्या नेहमीपेक्षा निम्मी साखर घाला आणि पुढचं सावकाश कमी करा. तरीही दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

* * *

अर्धा कप घेतला, एक चमचा साखर घालून. तासाभरात कपाळ उतरलं. मुलाला जवळ घेऊन सकाळच्या ओरडण्याबद्दल सॉरी म्हणालो. चमचा सपाट केला होता, बोटाने.