सेवाग्राम आश्रम एका दिवसात नीट पाहायचा तर क्रम कसा ठेवावा?

प्राची_पुणे: डिसेंबरात पुण्याहून रेल्वेने सेवाग्रामला जायचं ठरतंय. सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि नववीतली मुलगी. आईचे गुडघे दुखतात. हाताशी एकच पूर्ण दिवस आहे. उतरायचं कुठल्या स्टेशनवर, आधी काय बघायचं, आणि वेळ उरला तर पवनारचा विनोबांचा आश्रम की वर्ध्यातलं मगन संग्रहालय? "बापूकुटी पाहिली, झालं" असं व्हायला नको आहे.

कवेलू: स्टेशनपासूनच घोळ होतो, म्हणून ते आधी. पुण्या-मुंबईकडून बडनेऱ्यामार्गे येणाऱ्या गाड्यांसाठी वर्धा जंक्शन धरा. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्यांना सेवाग्राम जंक्शन सोयीचं. त्याचं जुनं नाव वर्धा पूर्व. नाव सेवाग्राम असलं तरी ते वर्धा शहराला लागूनच आहे. तिथे उतरून पायी आश्रमात जाऊ म्हणाल तर आईंचे हाल होतील. वर्ध्याहून आश्रम आठेक किलोमीटर. वाटेवर कस्तुरबा रुग्णालय असल्याने ऑटोंची ये-जा असते.

सकाळी लवकर पोचा. शाळांच्या सहली आल्या की कुट्यांच्या दारात रांग लागते आणि आत दोन मिनिटंही थांबता येत नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात, दारं ठेंगणी आहेत, बसायचं तर जमिनीवर. त्यामुळे आईंसाठी सहज काढता-घालता येतील अशा चपला आणि हाताशी काठी असू द्या.

सूतकताई: क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. बापूकुटीकडे सरळ धावू नका, आदी निवासापासून सुरुवात करा. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी इथे आले, तेव्हा ही वस्ती नव्हतीच. आदी निवास हे पहिलं घर. सुरुवातीला त्या एकाच खोलीत गांधीजी, कस्तुरबा, सहकारी, आलेगेले पाहुणे, सगळे राहत. त्या खोलीत उभं राहिलं की बा-कुटी का बांधावी लागली हे मुलीला सांगावं लागणार नाही. बांना आडोसाच नव्हता, म्हणून जमनालाल बजाजांनी ती बांधून दिली.

त्यानंतर बापूकुटी. ही मुळात गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली. भिंतींवर मातीतच उठावाने काढलेली झाडं आणि चरखा आहे, तो त्यांच्याच हातचा. लोक बैठक आणि डेस्क पाहून बाहेर पडतात, भिंतींकडे नजर जातच नाही. पण हात लावू नका. माती बोटांनी झिजते, आणि एका सहलीतल्या पन्नास मुलांनी एकाच जागी हात फिरवला तर तिथलं लिंपण सुटतं.

पुढे दप्तर, म्हणजे गांधीजींचं कार्यालय: व्हाईसरॉयला थेट बोलता यावं म्हणून इंग्रज सरकारने बसवलेला टेलिफोन, आणि साप पकडून दूर सोडण्यासाठीचा लाकडी चिमटा व पिंजरा. मुलगी तिथे रमेल.

शेवटी आखरी निवास. २५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी इथून दिल्लीला निघाले, ते परत आले नाहीत.

धामतीर: वरच्या क्रमात परचुरे कुटी राहिली, आणि ती सुटता कामा नये. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींसोबत होते. कुष्ठरोग झाल्यावर ते इथे आले. त्या काळी अशा माणसाला गावाबाहेर काढत. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतः त्यांची मालिश केली. बापूकुटीपासून परचुरे कुटीपर्यंत मुलीला पावलं मोजत चालू द्या. तेवढं अंतर पाहिलं तरी पुरे.

माहितीफलकांवर किंवा जुन्या पत्रांवर "शेगाव" दिसलं तर गोंधळू नका. या गावाचं १९४० पर्यंतचं नाव तेच होतं. गजानन महाराजांच्या शेगावला टपाल जाई, म्हणून बदललं.

पवनार की संग्रहालय? तुमच्या बाबतीत पवनार. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे. १९५९ पासून तिथे ब्रह्मविद्या मंदिर, म्हणजे भगिनींचा स्वावलंबी समूह. शेत खणताना विनोबांना सापडलेलं भरत-राम भेटीचं शिल्पही तिथेच आहे. नदीकडे उतरायच्या पायऱ्या मात्र आईंनी टाळाव्यात.

सूतकताई: परचुरे कुटीबद्दल मान्य, माझ्याकडून राहायला नको होती. पण संग्रहालयाबद्दल सहमत नाही. मुलीला कशाची आवड आहे त्यावर ठरवा. हाताने काही करायला आवडत असेल तर मगन संग्रहालय. गांधीजींच्याच हस्ते १९३८ साली उघडलेलं. चरख्यांचे इतके प्रकार एकत्र क्वचितच पाहायला मिळतात.

प्राची_पुणे: मग पवनार दुपारी, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला परत सेवाग्राम, हे जमेल का? आणि हाच बेत पावसाळ्यात ढकलला तर?

कवेलू: जमेल. प्रार्थना सहाच्या सुमारास असते, ऋतूप्रमाणे मागेपुढे होते. सकाळीच कार्यालयात वेळ विचारून ठेवा. गांधीजींनी लावलेल्या पिंपळाजवळ, उघड्यावर, जमिनीवर बसून होते. डिसेंबरात तिथे चांगलाच गारठा असतो, शाल हवीच. आईंसाठी खुर्ची लागेल तेही तेव्हाच सांगून ठेवा.

पावसाळ्यात मातीच्या भिंती भिजू नयेत म्हणून बाहेरून शिंदीच्या पानांचं आच्छादन बांधतात. कवेलू, म्हणजे छपरावरची कौलंही दरवर्षी फेरावी लागतात. घरं बाहेरून झाकलेली दिसतील, फोटो मनासारखे येणार नाहीत. पण मातीचं घर टिकवायला दरवर्षी काय करावं लागतं हे पाहायचं असेल तर पावसाच्या तोंडावरच या. एप्रिल-मे मात्र नकोच. पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि अनवाणी अंगणातून या कुटीतून त्या कुटीत जाणं आईंना झेपणार नाही.