शब्दचर्चा : ‘खेळ’, ‘वाव’, ‘गाळा’ आणि ‘टॉलरन्स’

विचारणा (रत्नागिरी)

मिरजोळे औद्योगिक वसाहतीत माझे लहानसे वर्कशॉप आहे. तेथे एका छोट्या सीएनसी मिलिंग मशीनवर मी मोटारींचे सुटे भाग मागणीनुसार करून देतो : अलॉय व्हीलचे मध्यभोक आणि हब (गाडीचा चाक बसवण्याचा मधला गोल भाग) यांच्यामध्ये बसणाऱ्या रिंगा, स्पेसर, इंजिन माउंटचे ब्रॅकेट, जुन्या गाड्यांचे बाजारात न मिळणारे बुश (भोकात बसणाऱ्या पोकळ नळ्या). ग्राहक बहुतेक गॅरेजवाले असल्यामुळे प्रत्येक भागासोबत मराठीत एक पानाचे सूचनापत्र द्यावे असे ठरवले आहे. लिहिताना अडचण आली ती ‘खेळ’ या शब्दाची. भाग आणि त्याची जागा यांच्यात आम्ही हेतुपुरस्सर जी फट सोडतो तिलाही खेळ म्हणतात, बेअरिंग झिजून आलेल्या ढिलेपणालाही खेळच म्हणतात, आणि माझ्या मशीनच्या स्क्रू व नटामधल्या बॅकलॅशलाही आमची मुले खेळच म्हणतात. ‘रिंगेत ०.०५ मिमी खेळ आहे’ हे वाक्य वाचून एका ग्राहकाने सदोष माल समजून रिंग परत पाठवली, तेव्हा हा घोळ केवळ भाषेचा राहिला नाही. ‘गाळा’, ‘वाव’, ‘सूट’, ‘मुभा’ यांपैकी कोणता शब्द कोठे योजावा? आणि ‘खेळ’ हा मुळात इंग्रजी ‘प्ले’चा शब्दशः तर्जुमा आहे काय?

उत्तर (चिपळूण)

आयटीआयमध्ये मशिनिस्टच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे या शब्दांशी जुनी ओळख आहे. शेवटचा प्रश्न आधी घेतो. इंग्रजी शब्दामुळे ‘खेळ’चा हा अर्थ बळावला असेल, परंतु तो परका मुळीच नाही. खोलीत हवा खेळती असते, धंद्यात खेळते भांडवल लागते आणि आपल्याकडे माड-पोफळीच्या बागेत पाटाचे पाणी खेळवतात. या तिन्ही प्रयोगांत करमणुकीचा संबंध नाही. अडथळ्याविना इकडून तिकडे फिरता येणे एवढाच अर्थ आहे. बेअरिंगच्या बाबतीत आपण तोच अर्थ वापरतो, म्हणून शब्द टाकून देण्याचे कारण मला दिसत नाही.

घोळ होतो तो नामावरच सगळा भार टाकल्यामुळे. गॅरेजमधली बोली नीट ऐकल्यास फरक क्रियापदात सापडतो. ‘बेअरिंगला खेळ आला’, ‘स्टिअरिंगमध्ये खेळ आहे’, ‘खेळ काढून दिला’ असे आपण म्हणतो. म्हणजे खेळ येतो, वाढतो आणि काढावा लागतो. याउलट ‘थोडा वाव ठेव’, ‘वाव सोडला नाहीस तर अडकेल’ असे म्हणतो. म्हणजे वाव ठेवतात किंवा सोडतात. वाव ‘आला’ असे कोणी म्हणत नाही. करणाऱ्याने जाणूनबुजून राखलेली जागा आणि वापराने आपोआप उत्पन्न झालेला ढिलेपणा यांतला हा भेद मराठीने आधीच करून ठेवला आहे. तुमच्या सूचनापत्रात ‘रिंग आणि हब यांच्यात ०.०५ मिमी वाव ठेवला आहे’ असे वाक्य असते तर माल परत आला नसता, असे मला वाटते.

त्याच रिंगेचे उदाहरण पुढे नेतो. बाजारातील पुष्कळ अलॉय व्हीलांचे मध्यभोक ७३.१ मिमीचे असते, तर स्विफ्टसारख्या गाडीचा हब ५४.१ मिमीचा. मधली जागा भरणारी रिंग चाकाला मध्यावर धरते; भार पेलण्याचे काम तिचे नसून आवळलेल्या नटांचे असते. ती हबवर हाताने सरकावी आणि तरीही चाक मध्यापासून ढळू नये, एवढ्यासाठीच हबचे प्रत्यक्ष माप घेऊन आपण रिंगेचे भोक किंचित मोठे ठेवतो. हा झाला वाव. ‘टॉलरन्स’ म्हणजे वाव नव्हे, आणि येथे शिकलेली माणसेसुद्धा गल्लत करतात. टॉलरन्स हा एकट्या भागाचा गुण आहे, वाव हा दोन भागांमधला संबंध आहे. २५ मिमीचे भोक एच७ (एच७, जी६, पी६ ही मापाच्या प्रमाणित मर्यादांची नावे) असे मागितले, तर ते २५.००० ते २५.०२१ यांच्या दरम्यान कोठेही चालते. ही २१ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) पट्टी म्हणजे टॉलरन्स. त्यात जी६ मापाचा शाफ्ट घातला, तर तो २४.९८० ते २४.९९३ यांमध्ये असणार, म्हणून दोघांमधला वाव कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन पडतो. शाफ्ट पी६ असेल, तर तो २५.०२२ ते २५.०३५ एवढा, म्हणजे भोकाहून नेहमीच जाड. तेथे वाव नाहीच, तो प्रेसवरच बसणार.

टॉलरन्ससाठी ‘सूट’ लिहू नये. ग्राहक बिलात सूट शोधेल. ‘मुभा’ हा माणसाला मिळणाऱ्या परवानगीचा शब्द आहे, मापाला तो शोभत नाही. मी वर्गात ‘मापाची मर्यादा’ म्हणत असे, आणि मुले तरीही टॉलरन्सच म्हणत. तुम्हीही निःसंकोचपणे टॉलरन्स लिहावे. ‘गाळा’ हा शब्द फटीच्या अर्थाने जुना व चांगला आहे, परंतु औद्योगिक वसाहतीत गाळा म्हटले की भाडे आणि अनामत रक्कम आठवते, तेव्हा तोही राहू द्यावा. स्पार्क प्लगसाठी ‘गॅप’ सर्वत्र रुळला आहे. तो बदलण्याचा हट्ट नको.

आता बॅकलॅश. त्याला खेळ म्हणणे योग्यच आहे, कारण तो तुमच्या इच्छेने आलेला नाही. टेबल एका दिशेने जात असताना स्क्रूचे आटे नटाच्या एका बाजूला टेकलेले असतात. दिशा उलटली की ते दुसऱ्या बाजूला टेकेपर्यंत स्क्रू फिरतो आणि टेबल जागचे हलत नाही. गोल भोक मिलिंगने कापताना प्रत्येक चतुर्थांशावर कोणता तरी एक अक्ष दिशा बदलतो, म्हणून खेळ असलेल्या मशीनवर भोकाला चार ठिकाणी पायऱ्या पडतात आणि बोर गेज (भोकाचा व्यास मोजणारे साधन) दोन दिशांना दोन मापे दाखवते. येथेही मराठीचे एक बारीक वळण उपयोगी पडते : नट जुळवून किंवा बॉल स्क्रू बदलून खेळ ‘काढतात’, तर कंट्रोलरमध्ये आकडा भरून तो ‘भरून काढतात’. दुसऱ्या प्रकारात खेळ तसाच असतो. कटरच्या ओढीने टेबल तेवढे सरकू शकते, म्हणून कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच जॉब सरकवून कट घेताना अशा मशीनवर धोका राहतो. ग्राहकाच्या सूचनापत्रात या खेळाला स्थान नाही; तो तुमचा आणि मशीनचा घरगुती प्रश्न आहे.

आणखी एक मत (मालवण)

सरांचा क्रियापदाचा नियम मला पटला, पण तो पुरता टिकत नाही. क्लचच्या पेडलला आम्ही खेळ मुद्दाम ठेवतो. तो मुळीच नसेल तर रिलीज बेअरिंग सतत घासत राहते आणि क्लच घसरू लागतो. ‘पेडलला थोडो खेळ ठेव’ असेच आम्ही कामाला असलेल्या पोराला सांगतो, ‘वाव ठेव’ असे कोणीही म्हणत नाही. मग ठेवला तो वाव आणि आला तो खेळ, हे कसे?

दुसरे असे की आमच्या बंदरावर या चर्चेच्या उलट बाजूचा शब्द अधिक लागतो, तो म्हणजे ‘धरणे’. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये पोलादी बोल्ट घातला की वर्षभरात पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट धरतो. चाक काढायला जावे तर रिंग हबला धरलेली असते. रत्नागिरीचे भाऊ वाव किती ठेवला ते लिहितात, पण तो वाव पुढे भरून जातो हेही लिहावे. मच्छीमार लाँचीच्या पंख्याच्या शाफ्टला पाण्यावर चालणारा बुश असतो. तेथे मोटारीच्या हिशेबाने वाव ठेवला तर शाफ्ट धरल्यावाचून राहणार नाही.

उत्तर (चिपळूण)

आपली हरकत रास्त आहे, आणि तिच्यामुळे नियम अधिक नेमका होतो. पेडल हे हलण्यासाठीच असते. पायाला जाणवणारी मोकळी हालचाल हा तेथे मुख्य मुद्दा आहे, म्हणून तिला खेळ म्हणणे स्वाभाविक वाटते. रिंग हबवर बसली आणि नट आवळले की ती हलत नाही, ०.०५ मिमीची जागा असते, पण हालचाल नसते. तेव्हा खेळ म्हणजे हाताला किंवा पायाला जाणवणारी हालचाल, मग ती ठेवलेली असो वा आलेली. आणि वाव म्हणजे नुसती मोजता येणारी जागा, तीत काही हलो वा न हलो. क्रियापदावरून बहुतेक ठिकाणी उलगडा होतो, पण निर्णायक कसोटी हालचालीची मानावी.

या कसोटीने एक अवघड उदाहरण सुटते. ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मिमी असतो. ते ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये २० मायक्रॉन गच्च बसवले, म्हणजे भोक बेअरिंगहून तेवढे लहान ठेवले, असे समजा. ॲल्युमिनियम दर अंशाला पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते : दशलक्षात सुमारे २३ भाग, तर पोलाद सुमारे १२. इंजिनाजवळ दोन्हींचे तापमान ६० अंशांनी वाढले, तर ५२ मिमीवर भोक बेअरिंगपेक्षा सुमारे ३४ मायक्रॉन अधिक फाकते. थंड असताना जे गच्च होते त्यात गरमपणी १४ मायक्रॉन वाव पडतो, बेअरिंगची बाहेरची कडी हळूहळू फिरू लागते, जागा झिजते, आणि मग जो येतो तो खेळ. वावाचा खेळ कसा होतो हे ग्राहकाला एका वाक्यात सांगायचे असेल, तर हे दोन शब्द वेगळे ठेवल्याशिवाय ते वाक्य लिहिताच येणार नाही.

‘धरणे’ हा शब्द सूचनापत्रात अवश्य यावा. ‘जाम होणे’ त्याहून व्यापक आहे. घाण अडकूनही भाग जाम होतो. धरणे म्हणजे दोन पृष्ठभाग गंजाने किंवा घासून एकमेकांना चिकटणे. गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वाव आधी भरतो आणि नंतर दाबला जातो.

पुन्हा विचारणा (रत्नागिरी)

सर, मजकूर असा केला आहे : ‘रिंगेचे भोक हबच्या मोजलेल्या मापापेक्षा ०.०५ मिमी मोठे ठेवले आहे. हा वाव आवश्यक आहे. रिंग हाताने सरकवून बसवावी, ठोकू नये. बसवण्यापूर्वी हबवरील गंज घासून काढावा व ग्रीसचा पातळ हात द्यावा, अन्यथा रिंग हबला धरते. नट आवळल्यानंतर चाकाला खेळ जाणवल्यास तो रिंगेचा नसून बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा असण्याचा संभव आहे.’

एक शंका उरते. ‘गच्च’, ‘घट्ट’ आणि ‘ठोकून’ यांत पायऱ्या कशा लावाव्यात? बुशसाठी मला त्या हव्या आहेत. आणि भाग ॲनोडाइज करून (विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर आणून) आल्यावर माप बदलते, ते कोणत्या शब्दात सांगावे?

उत्तर (चिपळूण)

मजकूर उत्तम आहे. ‘ग्रीसचा पातळ हात’ याच्यापुढे ‘नटांच्या आट्यांना ग्रीस लावू नये’ एवढे जोडावे, कारण ग्रीस लागलेला नट त्याच टॉर्कला जास्त आवळला जातो आणि बोल्टवरचा ताण वाढतो.

पायऱ्यांसाठी विशेषणे शोधू नयेत. घट्ट कोणाला किती वाटेल ते त्याच्या मनगटावर अवलंबून असते. कृती सांगावी : हाताने सरकतो, हाताने दाबून बसतो, लाकडी हातोड्याने ठोकून बसतो, प्रेसवर बसतो, तापवून बसवावा लागतो. ‘बसणे’ हे क्रियापद मराठीत एवढे समर्थ आहे की ‘फिट’ची गरज क्वचितच पडते. शेवटची पायरीही आपल्याकडे नवी नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान करतो, भट्टीत लाल तापवतो, फुगलेली असतानाच चाकावर घालतो आणि पाणी ओततो. ५० मिमी भोकाची पोलादी कडी १०० अंशांनी तापवली तर भोक सुमारे ०.०६ मिमी वाढते. बुशसाठी हा हिशेब पुष्कळ झाला.

ॲनोडाइजसाठी ‘थर चढणे’ हा शब्द जवळचा वाटतो, परंतु तो येथे फसवा आहे. रंगाचा थर पूर्णपणे वरून चढतो. ॲनोडाइजचा साधारण निम्मा थर धातूच्या आत जातो आणि निम्मा वर येतो. २० मायक्रॉनचा थर दिला तर भोकाच्या प्रत्येक बाजूला सुमारे १० मायक्रॉन वाढतात आणि व्यास २० मायक्रॉनने कमी होतो, म्हणजे २५ मिमी एच७ची जवळजवळ सगळी मर्यादा त्यातच खर्ची पडते. म्हणून ग्राहकाला ‘ॲनोडाइजमुळे भोक आवळते’ असे सांगावे, आणि स्वतःच्या ड्रॉइंगवर ‘माप ॲनोडाइज झाल्यानंतरचे’ असे स्पष्ट लिहावे.