'बनावट' गाणं की यंत्राच्या 'बनावटीचं' गाणं?

अर्धविराम:
दिवाळी अंकासाठी एक लेख लिहितेय. विषय सातासमुद्रापलीकडचा आहे. अमेरिकेतले बास्केटबॉलचे चाहते एकमेकांच्या उरावर कसे बसतात आणि त्यांच्या भांडणांत आता एआयनं केलेली गाणी कशी घुसली आहेत, असा. दोन शब्दांपाशी गाडं अडलंय. एआयनं केलेल्या गाण्याला संपादकांना 'बनावट गाणं' हवंय, मला ते बोचतंय. आणि 'फॅन डिबेट'ला काय म्हणू? 'चर्चा' म्हटलं तर फारच सोवळं वाटतं, 'भांडण' म्हटलं तर बिचाऱ्यांनी तोंडपाठ केलेली आकडेवारी वाया जाते.

संदर्भ सांगते. एप्रिल-मे २०२४ मध्ये ड्रेक आणि केंड्रिक लमार या दोन रॅपरांची गाण्यांतून जुंपली होती. १९ एप्रिलला ड्रेकनं एक गाणं सोडलं, त्यात टुपाक शकूरचा आवाज. टुपाक १९९६ मध्येच गेला, आवाज एआयचा. टुपाकच्या वारसांतर्फे वकिलाची नोटीस गेली आणि आठवड्याभरात गाणं उतरवावं लागलं. मग मे महिन्यात मेट्रो बूमिन या संगीत निर्मात्यानं ड्रेकची टर उडवणारी एक धून फुकट वाटली. त्या धुनेतला जुन्या सोल गाण्यासारखा तुकडा एका विनोदी कलाकारानं शब्द स्वतः लिहून 'उडिओ' या एआयकडून गाऊन घेतलेला होता. दोन्ही एआयची करामत, पण दोन्हींना एकच विशेषण लावायला हात धजत नाही.

लिमलेट:
'कृत्रिम संगीत' लिही आणि मोकळी हो. आपण कृत्रिम तलावात गणपतीचं विसर्जन करतो, त्याला कोणी खोटा तलाव म्हणत नाही.

काथ्याकूट:
तलावाला चालतं हो, पण 'कृत्रिम हसणं' म्हणून बघा. तलाव, पाऊस, रेतन इथे 'कृत्रिम' नुसती पद्धत सांगतं. हसणं, बोलणं, अभिनय इथे ते थेट शेरा होतं. गाणं कुठल्या बाजूला पडतं ते सांगायला नको.

मला संपादकांचा 'बनावट' जास्त रंजक वाटतो. हा एक शब्द दोन घरी नांदतो. नाम म्हणून स्त्रीलिंगी: 'यंत्राची बनावट मजबूत आहे', 'भारतीय बनावटीची तोफ'. इथे बनावट म्हणजे घडण. विशेषण झाला की बनावट नोटा, बनावट सही, बनावट दाखला, बनावट मद्य. म्हणजे 'ची' लागला तर इभ्रत, गळला तर फौजदारी. २०२२ मध्ये नौदलात 'विक्रांत' दाखल झाली ती स्वदेशी बनावटीची विमानवाहू नौका. तिला 'स्वदेशी बनावट नौका' छापा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर खुलासा छापायची तयारी ठेवा.

आता विशेषण नेमकं काय सांगतं ते पाहू. वस्तू कशी तयार झाली हे ते सांगत नाही, ती काय असल्याचा आव आणते हे सांगतं. बनावट नोट हलक्या कागदाची म्हणून बनावट नसते, रिझर्व्ह बँकेची असल्याचं भासवते म्हणून असते. 'व्यापार'च्या डावातल्या नोटा त्याहून हलक्या असतात, पण त्यांना कोणी बनावट म्हणत नाही.

तोच निकष लावा. टुपाकच्या तोंडी घातलेल्या ओळी: बनावट आवाज. मेट्रो बूमिनच्या धुनेतला तुकडा कोणा ओळखीच्या गायकाचा असल्याचा दावा करत नाही: यंत्राच्या बनावटीचं गाणं.

पहाटेचा प्रेक्षक:
गोम क्रियापदातच आहे. 'बनवणे' म्हणजे तयार करणे आणि 'बनवणे' म्हणजे मामा करणे. (भाजी 'बनवत' नाहीत, 'करतात', असं कोणी सांगायला येण्याआधीच मान्य करून टाकतो.)

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या चाहत्यांकडे यासाठी स्वतःचं क्रियापद आहे. 'एनबीए सेंट्रल' या नावानं गाजलेलं बातम्यांचं एक खातं आहे, त्याच्यासारखंच दिसणारं 'एनबीए सेंटेल' हे विडंबनाचं. एक-दोन अक्षरांचा काय तो फरक. सेंटेल खेळाडूंच्या तोंडी वाट्टेल ते घालतं, सकाळी साडेपाचला डोळे चोळत सामना बघणारा माझ्यासारखा माणूस ते खरं मानून तावातावानं चार जणांना पाठवतो, आणि मग उत्तर येतं, 'सेंटेल झालास'. भलेभले फसलेत. याचं मराठी एका शब्दात: 'बनलास'.

टोरांटोचा पाहुणा:
ड्रेकचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावची बाजू ऐका. ड्रेक २०१३ पासून टोरांटो रॅप्टर्स या बास्केटबॉल संघाचा अधिकृत सदिच्छादूत, मैदानाच्या कडेला बसून आरडाओरडा करणारा. डिमार डिरोझन हा रॅप्टर्सचा नऊ हंगामांचा लाडका खेळाडू, मूळचा कॉम्प्टनचा, म्हणजे केंड्रिकच्या गावचा. जुलै २०१८ मध्ये रॅप्टर्सनं त्याला सॅन अँटोनिओच्या संघाला देऊन कवाय लेनर्डला आणलं आणि २०१९ मध्ये विजेतेपद मिळवलं. ज्याला घालवलं तो दुखावला, ज्याला आणलं तो विजेतेपद देऊन त्याच उन्हाळ्यात निघून गेला. त्या जखमेवर केंड्रिकनं ४ मे २०२४ च्या गाण्यात बोट ठेवलं. डिरोझनचं नाव घेतलं, आणि गाण्याच्या चित्रफितीत डिरोझन स्वतः हजर! इथल्या चाहत्यांची काय पंचाईत झाली असेल बघा. आपला खेळाडू की आपला गायक?

शब्दाच्या अंगानं सांगायचं तर 'खरं की बनावट' हा वाद गाण्यांच्या कितीतरी आधीपासून इथे बास्केटबॉलमध्येच चालू आहे. २०१९ च्या अंतिम फेरीत समोरच्या वॉरियर्स संघाचे ड्युरँट आणि क्ले थॉम्पसन जखमी झाले, म्हणून आमच्या विजेतेपदावर शंकेची चांदणी (*) मारा, असं इतर शहरांतले लोक म्हणतात. २०२० मध्ये करोनामुळे हंगामातले उरलेले सामने ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये कोंडून खेळवले, लेकर्स जिंकले, तर विजेत्यांना मिळणाऱ्या त्यांच्या अंगठीला 'मिकी माऊस अंगठी' नाव पडलं. अंगठी सोन्याचीच असते हो. हिणकस ठरतो तो विजय.

लिमलेट:
चांदणी मारलेल्या विजेतेपदाला 'तारांकित विजेतेपद' म्हणू नका म्हणजे झालं. आपल्याकडे तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

मीमांसक:
अर्धविरामताई, तुमचा दुसरा प्रश्न कोणी घेतलाच नाही. 'डिबेट'साठी आपल्याकडे तीन शब्द तयार आहेत, न्यायसूत्रांनी ते वेगळे करून ठेवलेत. वाद, जल्प आणि वितंडा. दोघांनाही खरं काय ते शोधायचं असेल तर वाद. काहीही करून जिंकायचं असेल तर जल्प, त्यात छलही चालतं. आणि स्वतःचं म्हणणं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं पाडत राहायचं ती वितंडा. मराठीत आपण 'वितंडवाद' म्हणून दोन्हींची मोट बांधली.

जॉर्डन मोठा की लेब्रॉन, ही चाहत्यांची कायमची लढाई घ्या. जॉर्डनच्या सहा अंगठ्या, सहा अंतिम फेऱ्यांत सहा. लेब्रॉनच्या चार, दहा अंतिम फेऱ्यांत. इथवर वाद. मग दुसरा म्हणतो, अंगठ्याच मोजायच्या तर बिल रसेलच्या ११ आहेत, आणि रॉबर्ट हॉरीच्या सात, मग हॉरी जॉर्डनहून मोठा का? हा मुद्दा चोख आहे. पण तोच माणूस पुढच्या वाक्यात लेब्रॉनचे गुण पुढे करतो, ७ फेब्रुवारी २०२३ ला त्यानं करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला तो. म्हणजे तुमचं मोजणं चूक आणि माझं मोजणं बरोबर. हा जल्प झाला. त्यात 'ग्रेटेस्ट' हा शब्द एकानं 'सर्वांत जिंकलेला' म्हणून घ्यायचा आणि दुसऱ्यानं 'सर्वांत गुणी' म्हणून. याला आपल्याकडे वाक्छल म्हणतात. 'नवकंबल' म्हणजे नवीन कांबळं असलेला की नऊ कांबळी असलेला, हे त्याचं शाळेतलं उदाहरण.

वितंडा मात्र एआयनं सोपी केली. एप्रिल २०२४ मध्ये ड्रेकचं पहिलं प्रत्युत्तर फुटून बाहेर आलं तेव्हा त्याचे विरोधक आणि चाहते दोघेही म्हणत होते, हे एआय असणार. गाणं खरं निघालं. पण हत्यार सापडलं ते सापडलंच. आवडत्या गायकाचं गाणं पडलं की 'एआय आहे', विरोधकाचं गाजलं की 'एआय आहे'. स्वतः काही सिद्ध करायला नको, समोरच्यानं मात्र आपण माणूस असल्याचा पुरावा द्यायचा. सर्रास सगळ्याला 'बनावट' म्हणण्याची खोड मला म्हणून धोक्याची वाटते. काथ्याकूट यांचा निकष कडक पाळला तर निदान विचारता येतं: बनावट म्हणजे कोण असल्याचं भासवतंय?

तिखटमीठ:
निकष मान्य, पण एक शंका. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात 'व्हॉइस ऑफ किशोर', 'व्हॉइस ऑफ मुकेश' असायचेच. आवाज दुसऱ्याचाच लावायचे. तो बनावट का नाही?

काथ्याकूट:
कारण तो घामाघूम होऊन तुमच्यासमोर उभा असायचा आणि फलकावर त्याचं स्वतःचं नाव असायचं. ती नक्कल. नकलेत नकलाकार दिसतो, बनावटीत तो लपतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना मुंबई उच्च न्यायालयानं दिलासा दिला, तो त्यांचा आवाज एआयनं उचलून विकणाऱ्यांविरुद्ध. त्यांची गाणी बसवून गाणाऱ्या पोरींविरुद्ध नव्हे. रहमाननं २०२४ मध्ये दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले, पण घरच्यांची परवानगी घेऊन, मोबदला देऊन आणि जाहीर सांगून. त्याला मी बनावट म्हणणार नाही. आवडलं का, ते वेगळं विचारा.

तिखटमीठ:
आणि जिथे कोणाचाच आवाज उचललेला नाही, पण माणसंच नाहीत? २०२५ च्या जूनमध्ये 'द व्हेल्वेट सनडाउन' नावाचा बँड उगवला. स्पॉटिफायवर महिन्याचे दहा लाखांवर श्रोते झाले आणि जुलैमध्ये त्यांनीच कबूल केलं की सगळं एआयचं आहे, चौघांचे फोटोसुद्धा.

पहाटेचा प्रेक्षक:
बँड बनावट, गाणी यंत्राच्या बनावटीची, श्रोते बनलेले.

टोरांटोचा पाहुणा:
आणि रोज अशी हजारो गाणी ओतणारे? त्यांना काय म्हणायचं? इंग्रजीत 'स्लॉप' म्हणतात, शब्दशः गुरांपुढचं धोवण.

मीमांसक:
धोवण गुरं तरी आवडीनं पितात. 'पाट्या टाकणं' आहे ना. आणि परिमाण सांगायचं असेल तर 'रतीब'.

अर्धविराम:
'रतीब' घेते, 'पाट्या' संपादक ठेवतील असं वाटत नाही. 'डिबेट'ला मजकुरात 'वाद' आणि 'वितंडा' दोन्ही वापरते, जिथे जे असेल ते. 'बनावट' फक्त टुपाकच्या आवाजाला आणि त्या बँडला. बाकी सगळीकडे 'यंत्राच्या बनावटीचं'. एकच अडचण, मथळ्याला तीन शब्दांची जागा आहे.

लिमलेट:
मथळ्यात 'एआय गाणी' टाक. एक शब्द अजून शिल्लक राहतो.