१२० जीबीची ट्रॅजेक्टरी, काय ठेवू काय टाकू?

सदाफुली: ग्रोमॅक्समधे (अणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) दोन चेनच्या, म्हणजे दोन साखळ्यांच्या प्रोटीनचं सिम्युलेशन केलंय, पाण्यासकट १ लाख अणू, ५०० नॅनोसेकंद, दर १० पिकोसेकंदाला एक फ्रेम, आणि ट्रॅजेक्टरी, म्हणजे प्रत्येक फ्रेमला अणू कुठे होते याची नोंद, सगळी टीआरआर प्रकारच्या फाईलमधेच लिहिली गेली म्हणून फाईल १२० जीबीची झालीय. एमडीट्रॅजमधे (ट्रॅजेक्टरी तपासायची पायथन लायब्ररी) लोड करायला गेले की मेमरी संपून सगळं बंद पडतं. आरएमएसडी (प्रोटीन सुरुवातीच्या रचनेपासून सरासरी किती सरकलं ते) आणि हायड्रोजन बाँड बघायचेत, काय करू?

काळा_कातळ: टीआरआरमधे पोझिशन आणि व्हेलॉसिटी दोन्ही जातात, एका अणूमागे २४ बाइट, त्याला १ लाख अणू आणि ५० हजार फ्रेमनी गुण म्हणजे तुझे १२० जीबी आलेच. या कामाला व्हेलॉसिटी लागत नाही. ट्रजकॉन्व्हने (ग्रोमॅक्सचंच ट्रॅजेक्टरी बदलायचं साधन) एक्सटीसी, म्हणजे दाबून लहान केलेली फाईल कर, त्यात नॅनोमीटरचे तीनच दशांश ठेवतात आणि शेजारशेजारच्या अणूंमधला फरक थोडक्या बिटांत लिहितात, साधारण २० जीबीत बसेल. आरएमएसडीला तेवढी अचूकता भरपूर झाली.

भरती_ओहोटी: आणि पाणी काढलंस तर अजून खूपच कमी, प्रोटीन ८ हजार अणूंचं धरलं तर दीड-दोन जीबी. पण थांब, हायड्रोजन बाँड प्रोटीन-प्रोटीनच बघणारेस की पाण्याशी पण? पाण्याशी असतील तर पाणी गेलं की ते परत मिळणार नाही. मी एकदा घाईत टाकलं आणि पूर्ण रन पुन्हा करावा लागला, म्हणून कळकळीने सांगतेय, नवीन फाईल ग्रोमॅक्सच्याच जीएमएक्स चेक कमांडने तपासून फ्रेम मोजून घे, तोवर टीआरआरला हात लावू नकोस.

काळा_कातळ: मेमरीचं राहिलंच. एमडीट्रॅजमधे लोडऐवजी इटरलोड वापर, ठरावीक फ्रेमचे तुकडे येतात. एमडीअ‍ॅनालिसिस ही दुसरी लायब्ररी तर मुळातच एकेक फ्रेम वाचतं.

सदाफुली: केलं, मस्त चालतंय! पाण्याची फाईल वेगळी ठेवली. पण प्रोटीनच्या फाईलमधे आरएमएसडी ०.२ वरून एकदम ४ नॅनोमीटरवर उडी मारतोय आणि काही फ्रेमनंतर परत खाली, प्रोटीन उलगडलं का काय?

भरती_ओहोटी: नाही गं, सिम्युलेशनच्या बॉक्समधे एका कडेने बाहेर गेलेला अणू समोरच्या कडेने आत येतो, तशी एक चेन पलीकडच्या बाजूने आत आलीय. ट्रजकॉन्व्हला टीपीआर (रनची इनपुट फाईल) देऊन आधी पीबीसी नोजंप कर, म्हणजे या उड्या निघून जातील, आणि फिटिंग, म्हणजे प्रोटीन फिरवून मूळ रचनेवर बसवणं, त्यानंतर वेगळ्या कमांडने, कारण प्रोटीन एकदा फिरवलं की बॉक्सच्या कडा त्याच्याशी जुळत नाहीत.

सदाफुली: झालं! रेष शेवटपर्यंत ०.२ च्या आसपासच आहे.