मदत हवी आहे : कापडी अक्षरांची दुकानाची पाटी पावसाळ्यात टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात आमच्या आईचे फॉल-पिको आणि अल्टरेशनचे छोटे दुकान आहे. दुकानावरचा फ्लेक्स उन्हाने पांढरा पडला आहे आणि दुसरा फ्लेक्स लावण्याऐवजी आईने या वेळी स्वतःच्या हाताने पाटी करायला घेतली आहे. तीन फूट बाय दीड फुटाच्या जाड कॅनव्हासवर तिने शिवणकामातून उरलेल्या तुकड्यांची अक्षरे कापून शिवली आहेत. शिरोरेषेसाठी जुन्या इरकली साडीचा काठ सलग लावला असून सगळी अक्षरे त्या काठाला टांगल्यासारखी दिसतात. ‘पिको’ची वेलांटी मापाच्या जुन्या टेपची आहे आणि ‘फॉल’वरचा अर्धचंद्र शर्टाच्या बटणांचा. दुकानात काय काम होते हे वाचण्याआधीच कळावे, ही तिची कल्पना मला मनापासून आवडली आहे. पंक्चरवाला बाहेर टायर टांगतो किंवा रसवंतीवाला चरकाला घुंगरू बांधतो, त्याच वळणाची ही पाटी आहे.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आहे. आमच्या पाटीवर दुकानाच्या नावासकट सारा मजकूर मराठीतच आहे, त्यामुळे त्या बाजूने चिंता नाही. चिंता पावसाची आहे. दुकान पश्चिमेकडे तोंड करून आहे, वर पत्र्याचे छप्पर जेमतेम हातभर पुढे आलेले आहे, आणि जुलैत वाऱ्याबरोबर पाऊस थेट दर्शनी भिंतीवर येतो. सुती दोरा ओलाव्याने कुजतो म्हणून आईने सगळी शिलाई पॉलिस्टरच्या दोऱ्याने केली आहे, पण कापड तर बहुतेक सुतीच आहे.

समोरून पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा लावून पाटी पूर्ण बंद करावी, असे एका शेजाऱ्यांनी सुचवले. मात्र कडा सगळीकडून बंद केल्या तर आत दमटपणा कोंडून कापडाला बुरशी येईल, अशी मला भीती वाटते. कापड आणि ॲक्रिलिक यांच्यात थोडी फट ठेवून खालची कड मोकळी सोडली, तर हवा खेळती राहून पाणीही निथळेल का? कोणी अशी चौकट केली असल्यास फट किती ठेवली, हे कृपया सांगावे. कापडावर फवारायचे पाणीरोधक द्रावण वापरलेल्यांनी त्याने रंग काळपटतात का, हेही लिहावे. कारण इरकलीचा तो काठ आजीच्या साडीचा आहे आणि त्यावर प्रयोग करायचे आईच्या जिवावर येते.

पाठीमागे आधारासाठी जीआय पत्रा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा) घेणार आहोत. नव्या जीआय पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारला तर जस्ताशी प्रक्रिया होऊन कालांतराने पोपडे निघतात, एवढे ठाऊक आहे. म्हणून पत्रा घासून, पुसून त्यावर वॉश प्राइमर (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा पातळ थर) लावणार आहोत. हा प्राइमर लहान डब्यात मिळतो का, की त्यापेक्षा पत्रा न रंगवता तसाच ठेवलेला बरा?

पत्रा, चौकट, ॲक्रिलिक आणि स्क्रू धरून दोन हजारांच्या आत बसवायचे आहे. मृग लागण्यापूर्वी पाटी चढवायची असल्याने, जाणकारांनी शक्य तितक्या लवकर सुचवावे ही विनंती.