मधुमेह नसताना आयुष्य वाढवण्यासाठी मेटफॉर्मिन घ्यावे का?

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार. माझे वडील ६७ वर्षांचे आहेत आणि त्यांना मधुमेह नाही. त्यांच्याबरोबर पहाटे अंबाझरीकडे फिरायला येणाऱ्यांपैकी दोघे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, आणि ही गोळी घेणारे मधुमेही निरोगी माणसांपेक्षाही जास्त जगतात, असे त्या मंडळींत बोलले जाते. त्यामुळे बाबांच्याही मनात ती सुरू करायचे आले आहे. दिवाळीपासून ते वजने उचलण्याचा व्यायाम करत आहेत आणि आता जेवण झाल्यावर हात न टेकता पाटावरून उठतात. या म्हणण्यात तथ्य किती आहे?

उत्तर (औषधनिर्माणशास्त्राची निवृत्त अध्यापिका, धरमपेठ)

हे म्हणणे हवेतून आलेले नाही. २०१४ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षा थोडे जास्त जगल्याचे दिसले होते. मात्र अशा नोंदींत एक अडचण असते. केवळ मेटफॉर्मिनवर भागते असे रुग्ण बहुधा आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात असतात, आणि ज्यांचा आजार बळावून औषध बदलावे लागते ते हिशेबातून गळतात, त्यामुळे उरलेल्यांचे चित्र आहे त्याहून चांगले दिसते. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींवरून हीच तुलना पुन्हा केली गेली, तेव्हा तो लाभ आढळला नाही. उंदरांवरच्या अमेरिकेतील काटेकोर चाचण्यांतही एकट्या मेटफॉर्मिनने आयुष्य लक्षणीय वाढले नाही.

तुमच्या बाबांच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती त्यांच्या व्यायामाची. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६५ वर्षे व त्यावरील निरोगी माणसांकडून १४ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला. निम्म्यांना मेटफॉर्मिन दिले, तर निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. ज्यांच्या गोळीत औषध नव्हते, त्यांचे स्नायू अधिक वाढले. पाटावरून हात न टेकता उठण्याची जी ताकद बाबांनी कमावली आहे, तिच्याच आड ही गोळी येण्याची शक्यता आहे. शिवाय दीर्घकाळ घेतल्यास शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व घटते, आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते मुळातच अनेकांचे कमी असते.

उत्तर (जीवशास्त्राचा विद्यार्थी, मानेवाडा)

मॅडम, स्नायूंबाबतचे आपले म्हणणे मला मान्य आहे, पण विषय इथेच निकालात काढू नये असे वाटते. २०२४ मध्ये चीनमधील संशोधकांनी नर माकडांना ४० महिने मेटफॉर्मिन दिले, तेव्हा मेंदूसह अनेक अवयवांत वार्धक्याच्या खुणा मंदावल्याचे आढळले. मेटफॉर्मिनने वार्धक्य लांबवता येते का हे पाहण्यासाठी अमेरिकेतील वार्धक्य-संशोधक नीर बार्झिलाई यांनी ६५ ते ७९ वयोगटातील सुमारे ३००० मधुमेह नसलेल्या व्यक्तींवर चाचणीची आखणीही केली आहे. औषधाचे पेटंट केव्हाच संपले असल्याने त्यावर पैसा लावायला कंपन्या पुढे येत नाहीत, ही मला फार खेदाची गोष्ट वाटते.

उत्तर (निवृत्त अध्यापिका)

खेद मलाही आहे, आणि ती चाचणी व्हायलाच हवी. पण माकडांच्या त्या प्रयोगात प्राणी मोजकेच होते आणि आयुष्य किती वाढले हे त्यात तपासलेले नव्हते. तेवढ्यावर ६७ वर्षांच्या निरोगी माणसाला गोळी सुरू करा, असे मी सांगणार नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. बाबांना दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. त्यांनी विचारले आहे की, मग त्यांच्या त्या दोन मित्रांनीही गोळी सोडावी का?

उत्तर (निवृत्त अध्यापिका)

मुळीच नाही, आणि हे त्यांना आजच कळवा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत, वजन जास्त असलेल्या मधुमेहींपैकी ज्यांना मेटफॉर्मिन दिले, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण केवळ आहारावर ठेवलेल्यांच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी कमी होते. मधुमेहात या गोळीचा उपयोग सिद्ध झालेला आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारून बी-१२ आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन एवढे मात्र वेळोवेळी तपासून घ्यावे.