दाबोळी ते मोपा : तीन तास अपुरेच

गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर बाराला उतरून तिथल्याच दुसऱ्या, मोपा विमानतळावरचं तीनचं विमान मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ही जोखीम घेऊ नका. अंतर साधारण ६०-६५ किमी. रस्ता मोकळा असेल तर दीड तास, पण वाटेत झुआरी पूल, पणजी, म्हापसा सगळं लागतं. डिसेंबरात तर दोन तास धराच. त्यात तिकिटं वेगवेगळी, म्हणजे पट्ट्यावरून बॅग स्वतः घ्यायची आणि मोपाला परत चेक-इन. तो काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. निदान पाच तास हातात ठेवा. आणि हो, तिकिटावरचा कोड नीट बघा : जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. शक्य असेल तर दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची घ्या.